टिळकवाडीतला कर्नल क्लास: सर एक नंबर, झेरॉक्स नोट्स मात्र जुन्या

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) शिकायचं म्हटलं की आपल्याकडं लोक सरळ पुणे नाहीतर बेंगळुरू सांगतात, म्हणून मुद्दाम लिहितोय की बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वे गेटच्या जवळ एका जुन्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवार असा क्लास चालतो आणि तो खरंच चांगला आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली काउंटरवर बसणाऱ्यांबद्दल थोडं कडू लिहिलंय आणि गावातल्या गावात भांडण कशाला. पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते पुढं येईलच.

मी उद्यमबागेत मशीनच्या कंट्रोलरचं काम करतो, एआरएम बोर्डावर लिनक्स चढवायचं, ड्रायव्हर बसवायचे, आणि काहीतरी अडकलं की रात्री फोन उचलायचे. म्हणजे मी काही शिकाऊ पोरगा म्हणून गेलो नव्हतो. बॅचमध्ये अर्धी इंजिनिअरिंगची पोरं, निपाणी-चिकोडीकडून लाल बसनं येणारी दोघं-तिघं, खानापूरचा एक, आणि माझ्यासारखे नोकरीवाले. सर मूळ धारवाडकडचे, बरीच वर्षं बेंगळुरूत काढून परत आलेले, शिकवतात इंग्रजी-मराठी-कन्नड सगळं एकत्र करून, मधेच "नोड्री, इकडं बघा" म्हणतात आणि कुणालाच काही वाटत नाही कारण आपण सगळे असंच बोलतो. फी साडेसात हजार, दोन हप्त्यात घेतात.

आता क्लासमध्ये वेगळं काय. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टम शिकताना सिस्टम कॉलचं (प्रोग्रॅमनं कर्नलकडं काम मागायची वाट) एक चित्र असतंय, वर यूझर मोड, खाली कर्नल मोड, मधे एक बाण, झालं, पंधरा मार्कांना तेवढं पुरतं. हा माणूस त्या एका बाणावर जवळजवळ निम्मा कोर्स घालवतो. म्हणजे प्रोग्रॅमनं रीड म्हटल्यापासून कर्नलमधलं खरं रीडचं फंक्शन चालू होईपर्यंत मधे जे जे पातळ थर, म्हणजे रॅपर, लागतात, आणि प्रोसेसरच्या जातीप्रमाणं ते एक्स८६ वर वेगळे, एआरएमवर वेगळे, रिस्क-व्हीवर वेगळे का, तेच तो सोलून दाखवतो. बाकीचे कोर्स शेड्यूलर, मेमरी असल्या मोठ्या नावांच्या मागं लागतात आणि हा भाग अर्ध्या स्लाईडमध्ये उरकतात. माझ्या मते काम करणाऱ्या माणसाला पहिल्यांदा अडवतो तो हाच भाग.

सुरुवात एक्सव्ही६ नं होते, एमआयटीची शिकवायची छोटी ओएस, जी २०१९ पासून रिस्क-व्हीवर आहे. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये लगेच चालते, बोर्ड लागत नाही. त्यात यूझर बाजूचा रॅपर म्हणजे अक्षरशः तीन ओळी: ए७ रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधली छोटी जागा) कॉलचा नंबर टाक, ईकॉल मार (कर्नलमध्ये शिरायची इन्स्ट्रक्शन), रिटर्न. आणि कर्नल बाजूला सिस_रीड वगैरे फंक्शन कंसात काहीच घेत नाहीत, रिकामी असतात, आत गेल्यावर ट्रॅपफ्रेममधून, म्हणजे यूझरची रजिस्टर जपून ठेवलेल्या जागेतून, स्वतः आर्ग्युमेंट काढून घेतात. त्या दिवशी मला वाटलं हे पोरांसाठी सोपं करून ठेवलंय, खऱ्या कर्नलमध्ये असं थोडीच असणार, पण पुढच्या आठवड्यात कळलं की लिनक्ससुद्धा २०१८ पासून बरंचसं याच वाटेनं गेलंय. सरांनी ते आधी सांगितलं नाही, आपलं आपल्याला दिसू दिलं, ही त्यांची पद्धत मला आवडली.

सगळ्यात मजा आली ती नंबरच्या प्रॅक्टिकलला. सरांनी सांगितलं, लायब्ररीचं ओपन वापरू नका, सिस्कॉल फंक्शनला थेट नंबर देऊन फाईल उघडा. एक्स८६-६४ वर ओपनचा नंबर २, सगळ्यांचं चाललं. मग तोच प्रोग्रॅम एआरएम६४ बोर्डावर कंपाईल करून चालवायला सांगितला. ज्यांनी नाव वापरलं होतं, म्हणजे एसवायएस_ओपन, त्यांना कंपायलरनंच थांबवलं, असलं काही नाहीच म्हणून. निपाणीच्या पोरानं सरळ २ लिहिला होता, त्याचं कंपाईल झालं, चाललंही, आणि उत्तर आलं इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. तो बिचारा फाईलचा पाथ बदलून बदलून बघतोय, परमिशन बघतोय. बाजूचा म्हणतोय, "काय करूलालास रे, फाईल हाय का बघ की आधी." सर मागं उभे राहून काही बोलेनात. शेवटी टेबल उघडून दाखवलं: एआरएम६४ वर २ नंबर म्हणजे आयओ_सबमिट, आधी तयार केलेल्या आयओ कॉन्टेक्स्टवर वाचन-लेखनाची कामं टाकणारा कॉल. कर्नलनं त्याचा पाथचा पॉइंटर आयओ कॉन्टेक्स्ट समजून घेतला, असा कॉन्टेक्स्ट सापडला नाही, म्हणून इनव्हॅलिड. फाईलपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती.

एआरएम६४ ला ओपन नाहीच, ओपनॲट आहे, नंबर ५६. फोर्क पण नाही, क्लोन आहे. नंतर आलेल्या आर्किटेक्चरनी जुनं सामान उचललंच नाही, एक कॉमन टेबल घेतलं, रिस्क-व्हीही तेच वापरतो, त्यामुळं तिथं रीड ६३ आणि राईट ६४. एक्स८६-६४ ला तेच ० आणि १, आणि जुन्या ३२ बिट एक्स८६ ला ३ आणि ४. २०१९ पासून जे नवीन कॉल आले त्यांचे नंबर मात्र जवळपास सगळीकडं एकच ठेवलेत, म्हणजे आयओ_यूरिंग_सेटअप ४२५, क्लोन३ ४३५. हे सगळं पाठ करायला लावत नाहीत, एवढं बरं.

मग रजिस्टर. एक्स८६-६४ वर नंबर आरएएक्समध्ये, आर्ग्युमेंट आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आणि चौथं आर१० मध्ये. साध्या फंक्शन कॉलला चौथं आरसीएक्समध्ये जातं, मग इथं आर१० का? कारण सिस्कॉल ही इन्स्ट्रक्शनच आरसीएक्समध्ये परत यायचा पत्ता लिहून टाकते आणि आर११ मध्ये फ्लॅग, म्हणजे तिथं ठेवलेलं तुमचं सामान गेलं. हे मी कित्येकदा वाचलं होतं, पण जीडीबी डीबगरमध्ये एक एक इन्स्ट्रक्शन पुढं सरकवून आरसीएक्स बदलताना बघितलं ते इथं पहिल्यांदा. एआरएम६४ वर नंबर एक्स८ मध्ये, आर्ग्युमेंट एक्स० ते एक्स५, आणि आत शिरायची इन्स्ट्रक्शन एसव्हीसी. तिथं असली भानगड नाही.

आता मुख्य विषय, कर्नल बाजूचा रॅपर. कर्नल सोर्समध्ये रीड कुठं आहे म्हणून सिस_रीड शोधलं की व्याख्या सापडत नाही, सापडतं सिस्कॉल_डिफाईन३ नावाचा मॅक्रो. हा ३ म्हणजे तीन आर्ग्युमेंट, ० पासून ६ पर्यंत असतात. हे मॅक्रो २००९ च्या जानेवारीत आले आणि का आले हे सरांनी एक पूर्ण रविवार सकाळ घालवून सांगितलं. ६४ बिट मशीनवर इंट मात्र ३२ बिटच, मग रजिस्टरच्या वरच्या अर्ध्या भागात काय असावं? एस३९०, पॉवरपीसी, स्पार्क, मिप्स यांच्या नियमानं कॉल करणाऱ्यानं तो भाग नीट साईन एक्स्टेंड करून (चिन्हाचा बिट वरपर्यंत भरून) द्यायचा आणि आतलं फंक्शन त्यावर भरवसा ठेवतं. फंक्शन-फंक्शनमध्ये हे ठीक, पण इथं कॉल करणारा म्हणजे यूझर प्रोग्रॅम, तो वरच्या भागात मुद्दाम कचरा भरून पाठवू शकतो, मग कर्नल लिमिट तपासतो एका आकड्यावर आणि वापरतो दुसराच. सीव्हीई-२००९-००२९ या नंबरानं नोंदलेली सुरक्षेची चूक हीच. उपाय काय केला, तर मधे एक रॅपर घातला जो सगळी आर्ग्युमेंट लाँग म्हणून घेतो आणि आत देताना परत इंट करतो, म्हणजे कंपायलरला साईन एक्स्टेन्शन स्वतः करावंच लागतं. एस३९० सांभाळणाऱ्या हायको कार्स्टेन्सनी हे काम केलं. आयबीएमच्या मेनफ्रेमवरचा प्रश्न आणि त्याचा मॅक्रो आज आपल्या मोबाईलच्या कर्नलमध्येही बसलाय, मला तर हे भारीच वाटलं.

दुसरा थर २०१८ चा. स्पेक्टर (प्रोसेसरच्या आतून गुप्त डेटा काढायचा हल्ला) बाहेर आल्यावर कर्नल ४.१७ मध्ये डॉमिनिक ब्रोडोव्स्कीनी एक्स८६-६४ चे सिस्टम कॉल असे बदलले की टेबलमधल्या फंक्शनला सहा आर्ग्युमेंट न देता एकच द्यायचं, पीटी_रेग्जचा पॉइंटर, जिथं एन्ट्रीच्या वेळी यूझरची सगळी रजिस्टर जपून ठेवलेली असतात. रॅपर त्यातून लागतील तेवढीच काढतो. कारण साधं आहे, क्लोजला एकच आर्ग्युमेंट लागतं, मग बाकी पाच रजिस्टरमधला यूझरनं भरलेला माल कर्नलच्या आत खोलवर कशाला वाहून न्यायचा. म्हणून नाव झालं __एक्स६४_सिस_रीड, आणि ३२ बिट प्रोग्रॅमसाठी त्याच्या शेजारी __आयए३२_सिस_रीड, जो बीएक्स, सीएक्स, डीएक्समधून काढतो. एआरएम६४ नं हे त्याच वर्षी ४.१९ ला घेतलं, __एआरएम६४_सिस_ असं, आणि रिस्क-व्हीनं २०२३ मध्ये.

सरांनी पेनड्राईव्हवर सिम्बॉलसकट (फंक्शनच्या नावांसकट) तयार व्हीएमलिनक्स, म्हणजे बिल्ड केलेला कर्नल, दिला होता (लॅपटॉपवर कर्नल बिल्ड करत बसलो असतो तर दोन रविवार त्यातच गेले असते) आणि रीडचा रॅपर डिसअसेंबल करायला (मशीन कोड वाचता येईल असा उलगडायला) सांगितला. एक्स८६ वर तीन मूव्ह दिसतात, हेक्समध्ये ६०, ६८ आणि ७० या ऑफसेटवरून, म्हणजे पीटी_रेग्जमधले डीआय, एसआय, डीएक्स उलट्या क्रमानं, आणि मग सरळ जंप. पॉइंटर स्वतः आरडीआयमध्ये असतो म्हणून डीआय शेवटी वाचावा लागतो, आधी वाचला तर पॉइंटरच गेला. एआरएम६४ वर रजिस्टर ओळीनं ठेवलेली असल्यामुळं दोन आर्ग्युमेंट एका एलडीपी इन्स्ट्रक्शनमध्ये येतात. दोन्ही प्रिंट शेजारी-शेजारी लावून पेन्सिलनं बाण काढायला लावले. नोकरीत इतकी वर्षं काढून मी हे कधी उघडून बघितलं नव्हतं, कारण गरज पडली नव्हती.

एक गोष्ट पटली नाही ती सांगतो. पोरांना समजावं म्हणून सर रॅपरला कोगनोळीचा चेकनाका म्हणतात, ट्रक आला, कागद बघितले, सोडला. ऐकायला बरं वाटतंय पण नाक्यावर कुणी ट्रकातला माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरत नाही, आणि रॅपर नेमकं तेच करतो. खरी तपासणी, म्हणजे नंबर टेबलच्या आत आहे का वगैरे, ती त्याच्या आधीच झालेली असते, एआरएम६४ वर इनव्होक_सिस्कॉलमध्ये. मी ब्रेकमध्ये सरांना हे बोललो, ते हसले आणि म्हणाले परीक्षेत नाका लिहू नका म्हणजे झालं.

सगळे रॅपर नुसतं सामान हलवणारे नसतात हेही चांगलं दाखवलं. एआरएम६४ चा एमएमॅप (फाईल मेमरीत जोडायचा कॉल) बघा, आर्किटेक्चरच्या स्वतःच्या फाईलमध्ये आहे, चार ओळींचा, ऑफसेट पेजच्या हद्दीवर नसेल तर तिथंच ईइनव्हाल (तीच इनव्हॅलिड आर्ग्युमेंटची एरर), नाहीतर पेज नंबर करून पुढं पाठवतो. त्याच्याच खाली पर्सनॅलिटीचा (प्रोसेस कुठल्या पद्धतीनं चालवायची ते ठरवणारा कॉल) रॅपर: कुणी ३२ बिट पर्सनॅलिटी मागितली आणि चिप ३२ बिट चालवूच शकत नसेल, तर नाही म्हणून सांगतो. चिपची जी गोष्ट कॉमन कोडला माहीत असायचं कारण नाही ती इथं येऊन बसते. ही छोटी फाईल पूर्ण वाचून घेतली वर्गात, ओळ अन् ओळ.

आता कापलेला स्टार. नोट्स. फीमध्ये नोट्स धरून आहेत म्हणतात आणि देतात काय, तर झेरॉक्सची झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग, ज्यात अजून सिस_ओपनला थेट हुक लावायचं मॉड्यूल आहे, सिस्टम कॉल टेबलचा पत्ता काढून त्यात आपला पॉइंटर घालायचा तो जुना खेळ. तो पत्ता ज्यानं काढायचा ते कॅलसिम्स_लुकअप_नेम २०२० मध्ये ५.७ पासून मॉड्यूलना मिळतच नाही. आणि समजा कसातरी काढला, तरी ६.९ पासून एक्स८६-६४ वर कॉल त्या टेबलमधून जातच नाही, ब्रांच हिस्टरीच्या (स्पेक्टरच्याच जातीच्या) नव्या हल्ल्यामुळं २०२४ मध्ये नंबर बघून थेट फंक्शनला नेणारा मोठा स्विच घातला, टेबल फक्त ट्रेसिंगपुरतं उरलं, म्हणजे तुम्ही बदललात तरी कुणी विचारत नाही. सर हे सगळं फळ्यावर स्वतः सांगतात, त्यांना व्यवस्थित माहीत आहे. काउंटरवर विचारलं नवीन नोट्स कधी, तर उत्तर, "स्टॉक संपला की छापू." पोरं परीक्षेला, इंटरव्ह्यूला त्याच नोट्स वाचून जाणार, त्यांना कोण सांगणार की अर्ध्या ओळींवर काट मारा.

दुसरं म्हणजे बोर्ड. ॲडमिशनच्या वेळी "प्रत्येकाला एआरएम बोर्ड" असं सांगतात, प्रत्यक्षात तिघांत एक, आणि त्यातल्या एकाचं एसडी कार्ड सारखं रुसायचं. नोकरीवाल्याला चालतं, ऑफिसातला नेता येतो, पण खानापूरहून बस पकडून येणाऱ्या पोरानं दुसऱ्याच्या खांद्यावरून किती बघायचं.

याच्यातच माझी खरी तक्रार येते, ३२ बिट एआरएम घाईत उरकलं. उद्यमबागेत, मच्छे-नावग्याकडं अजून कितीतरी मशीनवर ३२ बिट बोर्ड आहेत आणि तिथले रॅपर सगळ्यात तिरके. ६४ बिटचं आर्ग्युमेंट दोन रजिस्टरमध्ये मावतं पण जोडी सम नंबरपासूनच सुरू व्हायला पाहिजे, म्हणून प्रीड६४ (ठरलेल्या ऑफसेटपासून वाचायचा कॉल) मध्ये फाईल आर० ला, बफर आर१ ला, लांबी आर२ ला, आर३ रिकामं सोडायचं आणि ऑफसेट आर४-आर५ मध्ये. एफॲडव्हाईज६४_६४ ला तर असं केलं की रजिस्टरच पुरत नाहीत, म्हणून एआरएमनं आर्ग्युमेंटचा क्रम बदलून स्वतःचा वेगळा कॉलच ठेवलाय. सीलायब्ररी हे सांभाळून घेते, पण हातानं सिस्कॉल लिहिलेला जुना कोड ६४ बिटवर नेताना हेच बाहेर येतं, आणि आमच्याकडं असा कोड भरपूर आहे. यावर अख्खा रविवार हवा होता, मिळाला जेवणाआधीचा अर्धा तास.

तरी वसूल झालं का, तर झालं. कामावर एक प्रोग्रॅम कुठली कॉन्फिग फाईल उघडतोय ते शोधायचं होतं, बीपीएफट्रेस (कर्नलमध्ये काय चाललंय ते बघायचं साधन) लावायचं ठरलं, आणि क्लासमुळं आधीच माहीत होतं की __एआरएम६४_सिस_ओपनॲटवर केप्रोब (चालू कर्नलच्या फंक्शनवर लावायची पाळत) लावला तर पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे पीटी_रेग्जचा पॉइंटर, त्याच्या आतून एक्स१ काढला की पाथ मिळतो. आणि आर्किटेक्चरचा हा वैतागच नको असेल तर सिस_एन्टर_ओपनॲटचा ट्रेसपॉइंट (कर्नलनंच ठेवलेली बघायची जागा) लावायचा, तो एक्स८६ वर पण तसाच चालतो. सोबतचा ज्युनिअर तासभर इंटरनेटवरून जुने लेख काढून सिस_ओपनवर प्रोब लावायला बघत होता, चहा संपायच्या आत काम झालं.

बाकी सोयी जेमतेम. खुर्च्या प्लास्टिकच्या, पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा यूपीएस प्रोजेक्टरलाच पुरतो, लॅपटॉप घरून फुल चार्ज करून न्या. गाडी गेटच्या बाजूला लावू नका, फाटक पडलं की निघताना अडकून बसाल, मागच्या गल्लीत जागा असते. खालचा चहावाला मिरची भजी चांगली करतो पण रविवारी दुपारनंतर बंद.

जायचं कुणी? सी नीट येत असेल आणि पॉइंटरला घाबरत नसाल तर जा. नुसतं सर्टिफिकेट पाहिजे असेल तर नको, ते एका साध्या कागदावर देतात आणि त्यावर माझं आडनाव पण चुकवलंय. एआरएम चिपवाला मॅकबुक असेल तर त्यात लिनक्सचं व्हीएम आधीच टाकून घेऊन जा, एआरएम६४ चा रॅपर तुमच्याच मशीनवर दिसेल आणि बोर्डासाठी रांगेत बसायला नको. पैसे भरायच्या आधी काउंटरवर सरळ विचारा की ३२ बिट एआरएमला किती तास देणार, आणि ते पावतीच्या मागं लिहून घ्या.